गहू, मका, कणी आणि सोडा : गाईच्या कोटीपोटात नेमके काय घडते

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. कुडाळ तालुक्यातील आपल्या गोठ्यात दहा-अकरा लिटर दूध देणाऱ्या दोन जर्सी संकरित गाई आणि कोकण कपिला या देशी जातीची एक गाभण गाय आहे. जूनपर्यंत आपण दुभत्या गाईंना मक्याचा भरडा, सरकी पेंड आणि भाताचा कोंडा असे आंबोण देत होता. जुलैत फुटका गहू स्वस्त मिळाला म्हणून मक्याच्या जागी किलोला किलो गहू घातला आणि तो पिठाच्या गिरणीतून बारीक दळून आणला. तेव्हापासून पाच आठवड्यांत संकलन केंद्रावरची फॅट ४.२ वरून ३.३ वर आली, शेण पातळ व फेसाळ झाले, आणि गाई एक दिवस गव्हाण पुसून खातात तर दुसऱ्या दिवशी आंबोणाला तोंड लावत नाहीत. दुकानदाराने यीस्ट, खाण्याचा सोडा आणि एक लिव्हर टॉनिक दिले. त्यांपैकी कोणते चालू ठेवावे, असा आपला प्रश्न आहे.

लिव्हर टॉनिकचे एका वाक्यात सांगून टाकतो: यकृताचा आजार नसलेल्या गाईची फॅट त्याने वाढत नाही, तेव्हा ते आजच बंद करावे. उरलेल्या दोन वस्तूंचा उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जनावरांच्या डॉक्टरकीत माझी सत्तावीस वर्षे गेली, आणि दाण्याने बिघडवलेले पोट केवळ पुडीने पूर्ववत झाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. आपल्या गाईंचे काय बिनसले आहे हे समजण्यासाठी आधी दाण्याकडे, त्याच्या दळणाकडे आणि तो कोणत्या वेळी पोटात जातो याकडे पाहावे लागेल; पुरके त्यानंतर येतात.

आंबोण खाते गाय, पण ते पचवतात तिच्या कोटीपोटातील जंतू. डाव्या कुशीला असलेले हे पोट म्हणजे ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास सतत उबदार राहणारी, प्राणवायू जवळजवळ नसलेली, आंबवण्याची मोठी कोठी असते. तेथे जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि बुरशी चारा व दाणा फोडून असेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्ले तयार करतात, ती पोटाच्या अस्तरातून रक्तात जातात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग या आम्लांतूनच मिळतो. वैरणीतील तंतू फोडणाऱ्या जंतूंच्या कामातून असेटिक आम्ल जास्त निघते व त्यापासून कासेत दुधाची स्निग्धता बनते; स्टार्च फोडणाऱ्या जंतूंच्या कामातून प्रोपिओनिक आम्ल जास्त निघते व त्यापासून यकृतात साखर तयार होऊन दुधाचे प्रमाण वाढते. दोन्ही गट गाईला हवेतच. अडचण एवढीच की तंतू फोडणाऱ्यांना आंबटपणा सोसत नाही. कोटीपोटाचा सामू, म्हणजेच पीएच, सहाच्या खाली जाऊ लागला की त्यांचे काम मंदावते. रोज काही तास तो ५.६ च्या आसपास किंवा त्याखाली राहिला की आम्ही त्याला सौम्य आम्लता म्हणतो. आणि तो ५ च्या खाली गेला की गाईच्या जिवावर बेतते.

आम्ल सतत तयार होत असताना पोट आंबट का होत नाही, तर लाळेमुळे. मोठी दुभती गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ गिळते, आणि त्या लाळेत नैसर्गिक बायकार्बोनेट असते, म्हणजे आपण डब्यातून देतो त्याच जातीचा सोडा. हिशेब केला तर गाय स्वतःच्या लाळेतून रोज एक किलोहून अधिक सोडा पोटात सोडत असते. ही लाळ मुख्यतः चावताना आणि रवंथ करताना सुटते. भाताचा पेंढा चावायला गाईला भरपूर वेळ लागतो. कालवलेले पिठाळ आंबोण ती दहा मिनिटांत भुरकून टाकते. त्यामुळे गाईने दिवसात सात-आठ तास रवंथ केले तर तिच्या लाळेपुढे आपली शंभर ग्रॅमची पुडी किरकोळ ठरते, आणि रवंथच चार तासांवर आले असेल तर ती पुडी ही तूट भरून काढू शकत नाही.

आता दाण्याकडे येतो. गहू, मका, ज्वारी, तांदूळ या सर्वांत स्टार्च मुबलक असते आणि कागदावर त्यांची ताकद बरीचशी सारखी दिसते; किलोला किलो बदल करण्याची चूक याच समजुतीतून होते. फरक असतो तो स्टार्च किती वेगाने सुटते यात. गव्हातील स्टार्चचा साधारण ८५ ते ९० टक्के भाग कोटीपोटातच, तोही झपाट्याने, फुटतो. आपल्याकडच्या कठीण, काचेसारख्या मक्याच्या कोरड्या भरड्यातील साधारण ५० ते ७० टक्के स्टार्च कोटीपोटात सावकाश फुटते आणि बाकीचे पुढे लहान आतड्यात जाऊन पचते. मक्याच्या दाण्यात स्टार्चच्या कणांभोवती प्रथिनांचे घट्ट जाळे असते, ते जंतूंना फोडायला वेळ लागतो. गव्हातील जाळे त्या मानाने लवकर सुटते. म्हणजे आपण गाईला पूर्वीइतकाच दाणा देत राहिलात, पण पूर्वी दिवसभरात सुटणारे आम्ल आता दोन-तीन तासांत सुटू लागले.

त्यावर दळणाने भर घातली. गहू पिठासारखा बारीक झाला की जंतूंना चिकटायला पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो, आणि गव्हाच्या चिकट प्रथिनामुळे त्या पिठाचे पोटात कणकेसारखे गोळेही बनतात. गहू जनावराला द्यायचाच असेल तर दाण्याचे तीन-चार तुकडे होतील इतकाच भरडावा आणि आंबोणाच्या एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर नेऊ नये, असा माझा दंडक आहे. ज्वारीचे मात्र नेमके उलटे आहे. तिच्या स्टार्चभोवतीचे प्रथिन अधिक चिवट असते, त्यामुळे आख्खी किंवा जाड भरडलेली ज्वारी शेणातून जशीच्या तशी बाहेर पडते. घाटावरून स्वस्त ज्वारी आणून ती न दळता घालणाऱ्यांच्या उकिरड्यावर पावसाळ्यात ज्वारीची रोपे उगवलेली मी पाहिली आहेत. नाचणीचा दाणाही बारीक आणि कठीण असल्याने आख्खा घातल्यास वाया जातो. बाजरी मधल्या वेगाची आहे, पण तिच्यात तेलाचा अंश थोडा जास्त असतो.

कोकणात दाणा म्हटला की प्रत्यक्षात बहुतेक घरी कणी, कोंडा आणि पेज असते, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. कच्ची, जाडसर कणी गाईला बेताने दिली तर चालते. तीच कणी शिजवली की स्टार्चचे कण फुलून फुटतात आणि जंतूंच्या हाती तयार घास पडतो. शिजवलेला भात हा कच्च्या तांदळापेक्षा कितीतरी वेगाने आंबतो. आजारी किंवा व्यालेल्या गाईला वाटीभर तांदळाची पेज देणे ही वेगळी गोष्ट, आणि उरलेला टोपभर भात ओतणे ही वेगळी. पावसाळ्यात रात्री भिजवलेले आंबोण सकाळी देण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही हाच धोका आहे. आपल्या हवेत ऑगस्टच्या दमटपणात ते आठ-दहा तासांत आंबून जाते, झाकण काढताच नाकाला कळते. पेंड मऊ व्हायला दोन तास भिजणे पुरे होते.

कोंड्याच्या बाबतीत तो कोणत्या गिरणीतला, हे आधी विचारावे. गावच्या जुन्या हलर गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेले असते. त्यात सिलिका जास्त आणि पोषण थोडे. आधुनिक गिरणीतून निघणारा मऊ, पिवळसर कोंडा पौष्टिक असतो, पण त्यात १२ ते १८ टक्के तेल असते. एकूण खाद्याच्या कोरड्या वजनात तेलाचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेले की तंतू फोडणारे जंतू दबतात. शिवाय पोट आंबट असताना हेच तेल जंतूंकडून अर्धवट बदलले जाते आणि त्यातून तयार होणारी काही विशिष्ट स्निग्धाम्ले कासेतील स्निग्धता बनण्याची क्रियाच मंदावतात. आपल्या गाईंची फॅट पावणेचार-साडेतीनवर न थांबता ३.३ पर्यंत उतरली, याचे कारण मला असे दिसते की गव्हाने पोट आंबट केले आणि दीड किलो मऊ कोंड्यातील तेलाने त्या आंबटपणाचा फायदा उठवला. यांतली एकच गोष्ट असती तर घसरण एवढी झाली नसती.

कोंड्याचे तेल लवकर खवट होते, म्हणून पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरताच घ्यावा. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते, पेंढ्यातून कॅल्शियम फारसे मिळत नाही, आणि आपली जांभ्याची आम्लधर्मी जमीनही त्या बाबतीत दरिद्री. निव्वळ पेंढा-कोंड्यावर ठेवलेल्या बैलांना मुतखड्याचा त्रास होतो तो याच असंतुलनातून.

गाई एक दिवस खातात आणि एक दिवस खात नाहीत, याचाही उलगडा येथेच होतो. पोट आंबट झाले की गाय आपणहून दाणा टाळते. दिवसभर पेंढा-गवतावर राहिली की लाळेने सामू वर येतो, भूक लागते, आणि ती एकदम सगळे आंबोण संपवते. पुन्हा तेच चक्र सुरू होते. माणसे म्हणतात गाय नखरे करते. ती खरे तर स्वतःवर उपचार करत असते.

शेण पाहण्याची एक पद्धत सांगतो, ती आजच करून पाहावी. दोन मुठी ताजे शेण रव्याच्या जुन्या चाळणीत घ्यावे आणि नळाखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत, हाताने न चोळता धुवावे. चाळणीत मागे काय उरते ते पाहावे. बारीक, मऊ, सारख्या लांबीचे तंतू उरले तर पचन ठीक आहे. बोटाच्या पेराएवढ्या काड्या उरल्या तर रवंथ अपुरे झाले आहे किंवा चारा पोटात पुरेसा वेळ थांबलेला नाही. दाण्याचे पांढरे तुकडे दिसले तर दळण किंवा वेग चुकला आहे. आतड्याच्या सालीसारखे, पारदर्शक, लोंबणारे पापुद्रे दिसले तर मोठ्या आतड्यात स्टार्च आंबून तेथील अस्तर दुखावले आहे. फेसाळ शेणाबरोबर हे पापुद्रे बहुधा सापडतात, आणि आपल्याकडे सापडतील असा माझा अंदाज आहे. त्याच दुपारी, आंबोणानंतर दोन-तीन तासांनी, बसलेल्या गाई पाहाव्यात. निरोगी गोठ्यात शांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करताना दिसतात आणि एका घासाला पन्नास-साठ वेळा चावतात. तीस-पस्तीसला घास गिळला जात असेल, तर वैरणीत चावण्याजोगे काही कमी पडते आहे. जुलै-ऑगस्टमधले कोवळे, पाण्याने भरलेले गवत पाहायला हिरवेगार असते, पण त्यात चावण्यासारखे थोडेच असते. पेंढ्याचा मान या महिन्यांत वाढवायला हवा, आणि नेमका याच महिन्यांत तो गळक्या माळ्यावर भिजतो.

सौम्य आम्लता तीव्र झाली तर काय होते, याचा एक प्रसंग सांगतो. चतुर्थीचे दिवस होते. घरात पाहुण्यांची पंगत उठल्यावर पडवीत ठेवलेल्या टोपातला भात आणि खीर दावे सुटलेल्या गाईने रात्री खाल्ली. किती, ते कुणालाच सांगता आले नाही. सकाळी ती सुस्त दिसली म्हणून घरच्यांनी तांब्याभर ताक पाजले, दुपारी पुन्हा पाजले. मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा तिचे डोळे आत गेले होते, पाय लटपटत होते, शेण आंबट वासाचे आणि पाण्यासारखे होते, आणि डाव्या कुशीला हाताने धक्का दिला की घागरीत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येत होता. नळीने काढलेला कोटीपोटातला रस राखाडी, दुधाळ होता. पट्टीवर सामू पाचच्या खाली आला. सूक्ष्मदर्शकाखाली एकही एकपेशीय प्राणी हलत नव्हता. एवढ्या स्टार्चवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू माजतात, हे आम्ल इतर आम्लांपेक्षा दहापट तीव्र असते, आणि ते शरीरातील पाणी पोटात ओढून घेते. ताकातही तेच लॅक्टिक आम्ल असते. शिरेतून सलाइन व बायकार्बोनेट, पोट धुणे, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या निरोगी गाईच्या कोटीपोटातला चार लिटर रस नळीने हिच्या पोटात सोडणे, एवढे केल्यावर ती वाचली. पण दोन महिन्यांनी तिचे खूर पसरट होऊन त्यांवर आडव्या रेघा उमटल्या आणि ती त्या वेतात लंगडतच राहिली. बरक्या फणसाचे गरे आणि काजूची बोंडे यांनीही असेच होते. एप्रिल-मे महिन्यांत काजूच्या बागेत मोकळ्या सोडलेल्या गुरांवर लक्ष ठेवावे लागते ते यासाठीच.

ताक, चिंचेचे पाणी, आमसुलाचे पाणी हे आपल्याकडचे उपाय अगदीच टाकाऊ नाहीत. ते दुसऱ्या रोगाचे आहेत. युरिया जास्त पोटात गेला तर अमोनिया सुटून कोटीपोट आंबट होण्याऐवजी क्षारीय होते, आणि तेथे आंबट द्रव पाजणे योग्य असते. तेथे सोडा दिला तर आगीत तेल. पोटफुगी दिसली की सोडा, असा सरधोपट नियम म्हणूनच घातक आहे. आधी गाईने काय खाल्ले हे विचारावे. युरियाचा विषय निघालाच आहे तर: पावसाळा संपल्यावर १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडून, हवाबंद झाकून २१ दिवस ठेवण्याची प्रक्रिया चांगली आहे, त्याने पेंढा मऊ होतो आणि त्यातील प्रथिन वाढते, पण सहा महिन्यांच्या आतील वासरांना तो देऊ नये आणि युरिया आंबोणात हातमापाने कधीही मिसळू नये.

आता पुरके. खाण्याचा सोडा चार-पाच किलो किंवा त्याहून अधिक आंबोण खाणाऱ्या गाईला उपयोगी पडतो. आंबोणाच्या वजनाच्या एक ते दीड टक्का, म्हणजे आपल्या गाईंना दिवसाला साधारण ४५ ते ७० ग्रॅम, दोन-तीन वेळांत वाटून, आंबोणात नीट मिसळून द्यावा. पाण्यात टाकल्यास गाय पाणीच कमी पिते. सुट्या पुड्यांत धुण्याचा सोडा आला नाही ना, हे पाहावे. दोन्ही पांढरे असतात, पण धुण्याचा सोडा तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो. मोठ्या गोठ्यांत सोड्याबरोबर थोडे मॅग्नेशियम ऑक्साइड देतात. ते सावकाश काम करते. आपल्या दोन गाईंसाठी त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

यीस्ट म्हणजे जिवंत किण्व. ते स्वतः चारा पचवत नाही. घासाबरोबर पोटात शिरलेला थोडासा प्राणवायू ते वापरून टाकते, त्यामुळे प्राणवायू न सोसणाऱ्या तंतुभक्षक जिवाणूंना आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना बळ मिळते. परिणाम खरा आहे पण माफक आहे, आणि तो दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. डब्यावर जिवंत पेशींची संख्या लिहिलेली असावी, डबा कोरड्या व गार जागी असावा, आणि गरम आंबोणात यीस्ट घालू नये, कारण त्यात ते मरते. दुकानात उन्हाच्या झळीत महिनोन् महिने पडलेला डबा म्हणजे महागडे पीठच. उपयोग होतो की नाही हे पाहायचे असेल, तर दाणा न बदलता तीन आठवडे देऊन आणि तीन आठवडे बंद ठेवून संकलन केंद्राच्या पावत्या समोरासमोर ठेवाव्यात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर श्रेय कुणाला द्यावे हेच कळत नाही. दोन-तीन लिटर दुधाच्या, किलोभर आंबोण खाणाऱ्या गाईला यीस्ट देणे मला तरी अनाठायी वाटते.

मोनेन्सिन नावाचे पुरक काही ठिकाणी सुचवले जाते. ते विशिष्ट जिवाणूंना आवरून प्रोपिओनिक आम्लाचे प्रमाण वाढवते आणि आंबटपणाही काही अंशी रोखते. पण फॅट आधीच उतरलेली असताना त्याने ती आणखी उतरू शकते, मात्रा चुकली तर विषबाधा होते, आणि घोड्याला तर त्याचा अल्प अंशही प्राणघातक ठरतो. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे घोडे आणि गाई यांचे खाद्य एकाच खोलीत राहते, तेथे ते आणूच नये. तंतू फोडणारी विकरे (एन्झाइम) पुडीतून देण्याचे निष्कर्ष कधी चांगले, कधी शून्य आले आहेत. मी ती सुचवत नाही. ओवा, सुंठ, हिंग यांच्या पाचक चूर्णांनी भूक थोडी खुलते, आणि थोड्या प्रमाणात त्यांची हरकत नाही.

पुरकांपैकी ज्यावर कोकणात खरोखर पैसे खर्चावेत ते खनिज मिश्रण होय. दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम, शिवाय ३० ग्रॅम मीठ, आणि कोंडा चालू असेल तोवर ३० ग्रॅम चुनखडीची पूड. बुरशीचे विष शोषून घेणारी पुरके, म्हणजे बेंटोनाइट मातीसारखी द्रव्ये, पावसाळ्यात काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, खोबऱ्याची पेंड किंवा मका त्यांच्या भरवशावर खाऊ घालू नये. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि दुधात त्याची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. आपला फुटका गहू स्वस्त का मिळाला, हेही विचारावेसे वाटते. गोदामात भिजलेला गहू असेल तर मूठभर हातात घेऊन चोळून वास घ्यावा. कुबट आला तर तो गाईला नकोच.

प्रत्यक्षात आता असे करावे. गव्हाचे पीठ आजच बंद करावे. दाणा कमी करण्यात धोका नसतो, तीन-चार दिवस दूध लिटरभर उतरेल ते सोसावे. चौथ्या दिवसापासून मक्याचा भरडा अर्ध्या किलोने सुरू करून दहा-बारा दिवसांत सव्वा किलोवर न्यावा, कारण नव्या दाण्याशी जमवून घ्यायला जंतूंना तेवढा अवधी लागतो. पूर्ण मात्रेवर एका गाईचे दिवसाचे आंबोण दीड किलो सरकी पेंड, सव्वा किलो मका, पाऊण किलो तूर किंवा हरभरा चुनी, अर्धा किलो कोंडा आणि, चांगला असेल तर, अर्धा किलो जाड भरडलेला गहू असे साडेचार किलोंचे होईल. ते तीन वेळांत द्यावे आणि प्रत्येक वेळी आधी पेंढा घालून अर्ध्या तासाने आंबोण पुढे ठेवावे. रिकाम्या पोटी आंबोण आणि मग वैरण, हा आपल्याकडचा क्रम धारेच्या सोयीचा आहे, पोटाच्या नव्हे. कोरडा पेंढा गाईमागे दिवसाला किमान साडेतीन-चार किलो पोटात जावा, कुट्टी केली तर इंचभरापेक्षा बारीक नसावी, आणि १५ ते २० किलो नेपियर गवत कोवळे न कापता कमरेच्या वर आल्यावर कापावे. सोडा या काळात तीन आठवडे द्यावा आणि मग थांबवून पाहावे. डब्यातले यीस्ट संपवायला हरकत नाही. शेण आठवड्याभरात घट्ट होऊ लागेल. फॅटला तीन ते चार आठवडे लागतील. मध्येच एखादी गाय पूर्ण खाणे सोडून सुस्त झाली, किंवा डाव्या कुशीत कोटीपोटाची हालचाल जाणवेनाशी झाली, तर घरी काही न पाजता पशुवैद्यकाला बोलवावे. खुरांवर मात्र ऑक्टोबरपर्यंत लक्ष ठेवावे, कारण जुलैतल्या आंबटपणाचा हिशेब तेथे उशिरा उमटतो.

राहिली कोकण कपिला. या जातीची राष्ट्रीय नोंदणी २०१८ साली झाली, आणि सव्वादोनशे-अडीचशे किलोंची ही गाय पेंढा आणि डोंगरातल्या गवतावर निभावण्यासाठीच घडलेली आहे. तिला दुभत्या गाईंच्या टोपलीतले उरलेले आंबोण घालू नये; सध्या किलो-सव्वा किलो पेंड-चुनीचे मिश्रण पुरेसे आहे, त्यात दाणा पाव किलोच्या वर नको. ती नोव्हेंबरात विणार असे आपण लिहिले आहे, तेव्हा विण्यापूर्वीचे तीन आठवडे तिला सोडा अजिबात देऊ नये. त्यातील सोडियममुळे रक्त क्षारतेकडे झुकते, हाडांतून कॅल्शियम सुटण्याची यंत्रणा मंदावते, आणि व्याल्यावर दुग्धज्वराची, म्हणजे रक्तातील कॅल्शियम एकदम घटून गाय आडवी पडण्याची, शक्यता वाढते. चुनखडीची पूडही त्या तीन आठवड्यांत बंद ठेवावी आणि व्याली त्या दिवसापासून पुन्हा सुरू करावी.